प्रशिक्षकाची खुर्ची कोणाची?

फुटबॉलचा विश्वचषक आला की बोईसर स्टेशनबाहेरच्या टपऱ्यांवर मेस्सी-रोनाल्डोच्या नावाचे शर्ट लटकू लागतात. तारापूर एमआयडीसीतून रात्रपाळी करून आलेली आमची पोरे मोबाईलवर सामने बघतात आणि मोठा कोण यावरून हातघाईवर येतात. परंतु रेषेबाहेर उभा राहून अकरा जणांना खेळवणारा माणूस कुठल्या घरातून आला, हे कोणी विचारीत नाही. चळवळीच्या वाचकांनी तरी ते विचारले पाहिजे.

ज्याच्या कपाटात चषक जास्त तो थोर मॅनेजर, असा समज आहे. आम्हाला तो अर्धवट वाटतो. थैली सोडून तयार खेळाडू विकत घेणारे पुष्कळ आहेत. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबचा जॉक स्टीन हा कोळशाच्या खाणीत राबलेला माणूस. त्याने १९६७ साली युरोपियन चषक जिंकला तो शहराच्या तीस मैलांच्या आत जन्मलेल्या पोरांना घेऊन! मँचेस्टर युनायटेडचा अ‍ॅलेक्स फर्ग्युसन जहाज कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा. तरुणपणी तो हत्यारे बनविण्याच्या कारखान्यात उमेदवार होता, युनियनचे काम करीत होता, संपातही उतरला होता. १९८६ साली त्याने सूत्रे घेतली आणि पहिला चषक मिळायला १९९० उजाडले. तोवर तो क्लबच्या तरुण पोरांची फळी उभी करीत होता. एमआयडीसीतल्या कामगाराला ही माणसे परकी वाटू नयेत.

आपल्या देशातही असा माणूस होऊन गेला. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली भारत १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्याला बचावपटू जर्नेलसिंग डोक्याला टाके घेऊन उभा होता. रहीमसाहेबांनी त्याला आघाडीला खेळवले, त्याने गोल केला आणि भारताने दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्ण जिंकले. पुढच्याच वर्षी कर्करोगाने रहीमसाहेब गेले.

आणि नागपूर! हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडणारी झोपडपट्टीतली पोरे पाहिली. त्या वाटेने शेकडो लोक गेले असतील. त्यांना उनाड टोळके दिसले, सरांना संघ दिसला. २००१ पासून त्यांनी झोपडपट्टी फुटबॉल उभे केले आणि ही पोरे पुढे बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली. नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये ‘झुंड’ काढला, त्यात भीमजयंतीही पडद्यावर आली, आम्ही थिएटरात टाळ्या वाजवल्या. ते सारे खरे. पण घरी परतताना एक प्रश्न आम्हाला टोचत होता. सर नसते तर? आमच्या वस्तीने कायम कोणा भल्या माणसाची वाट बघत बसायचे काय?

इथे पळवणकर बंधूंची आठवण होते. चर्मकार समाजात जन्मलेल्या बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना अखेरपर्यंत दिले गेले नाही. ते १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. (याच बाळूंना १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांसमोर उभे केले आणि ते हरले, तो वेगळा इतिहास.) घाम तुमचा, हुकूम आमचा, अशी ती व्यवस्था होती. ती आज संपली, असे म्हणण्याचे धाडस आम्हाला होत नाही.

पालघर-बोईसरकडेच बघा. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. पुढच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी-पोफरणची माणसे उठवली गेली. २०१४ साली जिल्हा वेगळा झाला. वसाहतींना कुंपणे आहेत, कुंपणाच्या आत मैदाने आहेत. पाड्यावरचे वारली पोर आणि कंत्राटी कामगाराचे पोर कापलेल्या भाताच्या शेतात चेंडू मारते. पाऊस लागला की तेही बंद. त्यांच्या पायात दम नाही असे कोण म्हणेल? पण ते बघायला कोणी उभा असतो का? सरकारने मैदाने दिलीच पाहिजेत आणि त्यासाठी मोर्चा काढावा लागला तर तोही काढू.

मात्र जे आमच्या हातात आहे त्याचे काय? फुटबॉल महासंघाचे प्रशिक्षक परवान्याचे अभ्यासक्रम असतात, त्यांना शुल्क पडते, आठवडाभराची रजा पडते. कंत्राटी पोराला दोन्ही परवडत नाही. आणि आमची जयंती मंडळे एका रात्रीच्या डीजेवर किती उधळतात, याचा हिशेब मंडळांनीच काढावा. आमचे म्हणणे कडू लागेल, लागू द्या. येत्या १४ एप्रिलला बोईसर-पालघरच्या एका तरी मंडळाने डीजे बंद ठेवून वस्तीतली एक मुलगी आणि एक मुलगा या परवान्याला पाठवावा. दोघांची नावे मिरवणुकीआधी फलकावर लिहावीत.