निळूभाऊंची नक्कल

निळू फुले १३ जुलै २००९ रोजी पुण्यात गेले. त्यानंतर मोठी झालेली एक अख्खी पिढी त्यांना ओळखते, पण कशी? मान जरा तिरकी, डोळे अर्धे मिटलेले, आणि घोगऱ्या आवाजात, ‘बाई, वाड्यावर या!’ वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजचं स्नेहसंमेलन बघा, एखादा तरी पोरगा ही नक्कल करतोच. हॉल हसतो. पुढच्या रांगेतली प्राध्यापक मंडळीही हसतात. मला मात्र हे हसू हल्ली खटकायला लागलंय.

म्हणजे निळूभाऊ हसवत नव्हते असं नाही. त्यांची सुरुवातच मुळी लोकनाट्यातली. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ने त्यांना नाव मिळवून दिलं ते सोंगाड्या म्हणूनच. हसवायचं तेव्हा त्यांनी पोट धरून हसवलं. पण १९६८ साली अनंत मान्यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’मध्ये ते झेलेअण्णा झाले आणि तिथून पुढे पडद्यावर त्यांनी जो माणूस उभा केला, तो हसण्यासाठी नव्हता. भीती वाटावी, चीड यावी म्हणून होता.

आमची आजी देवळी तालुक्यातली. आयुष्यभर कापूस वेचायला गेलेली. दूरदर्शनवर निळूभाऊंचा सिनेमा लागला आणि ते दारातून आत आले, की ती ‘मुडदा बशिवला याचा’ म्हणायची आणि पदर सावरून बसायची. टीव्हीसमोर, स्वतःच्या घरात, पदर सावरून! आता बघा, आमच्याकडे ऊस नाही, साखर कारखान्यांचं ते राजकारण नाही. कोल्हापूर-सांगलीकडचा पाटील आजीने कधी पाहिलासुद्धा नसेल. आमच्याकडे मालगुजार. मालगुजारी १९५१ साली गेली, वाडे मात्र राहिले, आणि वाड्यातून येणारे निरोपही बरीच वर्षं राहिले असावेत. आजी त्याबद्दल कधी बोलली नाही. पण पडद्यावरचा तो माणूस तिने बरोब्बर ओळखला होता.

हे त्यांना कसं जमायचं? एक तर ते ओरडत नसत. आपल्याकडचे बहुतेक खलनायक गडगडाट करतात, डोळे वटारतात. निळूभाऊंचा सत्ताधारी आवाज खाली आणतो. सत्ता ज्याच्या हातात आहे त्याला ओरडायची गरजच काय? आणि हा माणूस त्यांनी खालून पाहिलेला होता. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेला नट. मालकासमोर उभं राहणाऱ्याला मालक जितका नीट दिसतो तितका मालकाला स्वतःला कधीच दिसत नाही. गावोगावच्या बायका त्यांना शिव्या घालायच्या म्हणतात. ती त्यांच्या कामाची पावती होती. त्याच कामाला आज टाळ्या आणि शिट्ट्या पडतात, म्हणून विचारावंसं वाटतं की मधल्या काळात बदललं काय? नट तर तोच आहे.

आता ‘सामना’ घ्या. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, तेंडुलकरांची पटकथा, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला चित्रपट. एकीकडे निळूभाऊंचा हिंदुराव धोंडे पाटील, दुसरीकडे डॉ. लागूंचा दारूत बुडालेला मास्तर. एकेकाळचा ध्येयवादी मास्तर विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? हिंदुराव त्याला आधी धमकावत नाही. तो त्याला घरी ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो. मला तो हिंदुराव सगळ्यात भीतिदायक वाटतो तो याच पाहुणचारात.

आणि हाच नट जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’ नाटकात थेट पलीकडे जाऊन उभा राहिला. तिथे तो म्हातारा गांधीवादी स्वातंत्र्यसैनिक, मुलगा मुख्यमंत्री, आणि घरातच सत्तेशी झगडा. १९७९ च्या ‘सिंहासन’मध्ये तो पत्रकार दिगू टिपणीस. सगळा खेळ जवळून बघणारा आणि शेवटी बघणं सहन न होणारा. पुन्हा १९८४ च्या ‘सारांश’मध्ये तो गजानन चित्रे, एका निवृत्त मास्तरवर दबाव आणणारा पुढारी. सत्तेत असलेला, सत्तेला प्रश्न विचारणारा आणि नुसता बघणारा, अशा तिन्ही जागी उभा राहिलेला दुसरा मराठी नट मला तरी आठवत नाही. (‘सखाराम बाईंडर’ यात कुठेच बसत नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय. असो.)

सेवाग्राम आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले, हे इथल्या शाळेतल्या पोरांना तोंडपाठ असतं. मग याच जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजला ‘सूर्यास्त’चं नुसतं वाचन तरी करावंसं का वाटू नये? नकलेला तीन मिनिटं लागतात, मान्य. नाटकाला तालमी लागतात.

कुणी म्हणेल, नक्कल हे लोकांचं प्रेमच आहे. असेलही. आणि दोष सगळा प्रेक्षकांचाही नाही. निर्मात्यांनी त्यांना तोच वाडा, तोच फेटा, तीच नजर किती वेळा विकायला लावली! मराठी-हिंदी मिळून शंभराहून कितीतरी अधिक चित्रपट, त्यातले बरेचसे विसरून जावेत असेच. पोटापाण्यासाठी नटाला ते करावं लागतं. पण याच माणसाने लागूंबरोबर सामाजिक कृतज्ञता निधीसाठी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. कार्यकर्त्यांच्या घरची चूल पेटावी म्हणून नटांनी उभे केलेले पैसे होते ते. बाबा आढावांच्या ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळीशीही त्यांचं नातं होतं. पडद्यावर ज्या वाड्याचा मालक व्हायचं, बाहेर त्याच्याच विरुद्ध उभं राहायचं, असं ते गणित होतं.

मध्यंतरी पुतणीला ‘सामना’ दाखवला. ती कॉलेजात आहे, नकलेवर हसणाऱ्यांपैकीच. अर्ध्या तासाने म्हणाली, ‘काका, हा तर कोणावर ओरडतच नाहीये.’ मग बराच वेळ काही बोलली नाही. सिनेमा संपल्यावर एवढंच विचारलं, ‘आजी यांना का शिव्या द्यायची गं, असं तुम्ही कधी विचारलं नाही तिला?’

नाही विचारलं. आमच्या घरात अशा गोष्टी विचारायची पद्धत नव्हती.