डॉक्टर, छातीतलं पाणी बघता का?

घरात कुणी डायलिसिसवर असेल, तर ‘ड्राय वेट’ हा शब्द तुमच्या ओळखीचा झाला असेल. अंगात जादा पाणी नसताना पेशंटचं जे वजन भरतं, ते ड्राय वेट. त्यावर जेवढं वजन चढलं, तेवढं पाणी मशीनने काढायचं, असा हिशेब असतो. पण तो आकडाच जुना झाला असेल तर? आजारपणात माणूस खंगतो, मांस झडतं, त्या जागी पाणी साचतं आणि काटा मात्र तेच वजन दाखवत राहतो. पायाला सूज नसते, बीपीही बरं असतं, पण रात्री आडवं झालं की धाप लागते. उलट, आकडा फार खाली धरला तर डायलिसिस चालू असतानाच पायात गोळे येतात, बीपी पडतं.

म्हणून कळकळीने सांगतो, डॉक्टरांना विचारा, ‘एकदा छातीची सोनोग्राफी करून पाणी बघता का?’ खाटेजवळच, काही मिनिटांत ते दिसू शकतं. जेल लावून प्रोब बरगड्यांमध्ये टेकवला, की पाण्याने जड झालेल्या फुप्फुसात वरून खाली उतरणाऱ्या पांढऱ्या रेषा दिसतात, धूमकेतूच्या शेपटांसारख्या. डायलिसिसनंतर पुन्हा प्रोब टेकवला तर त्या कमी झालेल्या दिसतात. ना सुई, ना क्ष-किरण. न्यूमोनियातही अशा रेषा येतात, तेव्हा अर्थ डॉक्टरांनीच लावायचा. आणि हा जादूचा दिवा नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात असं बघून पाणी काढलेल्या पेशंटच्या छातीतलं पाणी कमी झालं, पण मृत्यू आणि हृदयविकाराचे झटके एकूण धरता ठळक फरक पडला नाही. तरीही श्वास मोकळा होणं ही लहान गोष्ट नाही.

लघवी अचानक बंद झाली तर अशीच पोटाची सोनोग्राफी करता का, ते विचारा. प्रोस्टेट किंवा खड्यामुळे लघवी तुंबली असेल तर किडनीला आलेली सूज आणि भरलेलं मूत्राशय लगेच दिसतं, आणि वेळेत वाट मोकळी केली तर किडनी वाचू शकते. डायलिसिससाठी मानेत कॅथेटर, म्हणजे नळी, घालायचा असेल तर तो सोनोग्राफीत शीर बघूनच घाला, असा आग्रह धरायला मुळीच संकोच करू नका. नवा फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातात धमनीला जोडलेली शीर, साधारण सहा आठवड्यांनी सोनोग्राफीत तपासून घ्या. शीर ६ मिलिमीटर रुंद, कातडीपासून ६ मिलिमीटरच्या आत आणि रक्ताचा प्रवाह मिनिटाला ६०० मिलिलिटर, असा ढोबळ अंदाज धरतात. फिस्टुलाची थरथर रोज बोटांनी चाचपून बघणं मात्र तुमच्याच हातात आहे. ती थांबली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

सोनोग्राफीचं मशीन घरी आणा, असा हट्ट मात्र धरू नका. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंद लागते, ते वाटेल तिथे नेता येत नाही. हा कायदा हवाच. तुमच्या सेंटरवर सोय नसेल तर जिथे आहे तिथे चिठ्ठी घेऊन जा. पण पेशंटला धाप लागली असेल तर सोनोग्राफीसाठी किंवा डायलिसिसच्या पुढच्या वारासाठी थांबू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.