चोवीस वर्षांचा ‘खंड’

आमच्या तहसील कचेरीबाहेर अर्ज टाइप करून देणाऱ्यांच्या टपऱ्या आहेत. २०२४ च्या जुलैमध्ये त्यातल्या एका टपरीत बसून मी माझी चोवीस वर्षे तीन ओळींत लिहून दिली. मी २००० साली बी.ए. झाले. त्याच वर्षी लग्न झाले. आता पंचेचाळिसाव्या वर्षी समाजशास्त्र घेऊन एम.ए.ला प्रवेश घ्यायचा, तर मधल्या वर्षांचे ‘गॅपचे’ प्रतिज्ञापत्र हवे, असे विद्यापीठातून सांगण्यात आले होते.

“कारण काय टाकू, ताई?” टाइप करणाऱ्या भाऊंनी विचारले. मला पटकन सुचेना. मागे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी माणसे खोळंबली होती. शेवटी त्यांनीच टाकले, ‘घरगुती अडचणीमुळे.’ पुढचा मजकूर त्यांच्याकडे तयारच होता. ‘सदर कालावधीत मी कोणत्याही शाळा-महाविद्यालयात शिक्षण घेतलेले नाही, कोठेही नोकरी अथवा व्यवसाय केलेला नाही, तसेच माझ्या हातून कोणताही गुन्हा घडलेला नाही.’ खाली माझी सही.

परत येताना एस.टी.त तो कागद पुन्हा वाचला. शिक्षण नाही, नोकरी नाही, गुन्हा नाही. मग ही बाई चोवीस वर्षे करत काय होती?

दोन मुले वाढवत होती. सासूबाई अर्धांगवायूने सहा वर्षे अंथरुणाला खिळून होत्या, त्यांचे सगळे करत होती. नवऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानाच्या वह्या लिहीत होती. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा रात्री जागून तोही शिकली. पण दुकान त्याच्या नावावर, त्यामुळे ‘व्यवसाय केलेला नाही’ हे कायद्याने अगदी बरोबर! अकरा वर्षे बचत गटाची सचिव होती. गावात ‘आडवी बाटली’साठी मतदान झाले तेव्हा बायांना मतदानाला बाहेर काढायला दारोदार फिरत होती. आणि सांगायला लाज वाटते, शिबिरांमधून ‘घरकाम हेही काम आहे’ या विषयावर बोलतही होती. तीच बाई ‘मी काही केलेले नाही’ या मजकुराखाली मुकाट्याने सही करून आली. प्रवेशाची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती, एवढेच कारण.

कागदांचा विषय निघालाच आहे तर नावाचेही सांगते. गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, “ही तुम्हीच कशावरून?” लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. पण आमच्या पिढीत विचारतो कोण? रेशनकार्डावर नाव चढवताना दिरांनी जे लिहून दिले ते माझे नाव झाले. लग्नाची नोंदणी आम्ही केलेली नव्हती. मग आधी ती करा, मग राजपत्रात नाव छापून आणा. यात अडीच महिने गेले, तोवर माझा प्रवेश ‘तात्पुरता’. माझा नवराही पदवीधर आहे. उद्या त्याच्या मनात आले तर तो एक अर्ज भरून वर्गात जाऊन बसेल. मुलांच्या नावापुढे आईचे नाव लावण्याचा निर्णय शासनाने २०२४ मध्ये घेतला, त्याचे आपण स्वागत केले. पण ज्या आईचे नाव लावायचे तिचीच नावे दोन कागदांवर दोन आहेत, त्याचे काय?

अर्जावर पालकाच्या सहीचीही जागा होती. माझे पालक कोण? आई सत्तर वर्षांची, वडील हयात नाहीत. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, मिस्टरांची चालेल. मी म्हटले, माझी लेक बी.एस्सी.ला आहे, तिच्या अर्जावर पालक म्हणून मी सही केली आहे, तर माझ्या अर्जावर तिची चालेल का? त्या हसल्या. शेवटी ती जागा कोरी ठेवली आणि काही बिघडले नाही. म्हणजे लागत नव्हतीच ती!

पहिल्या दिवशी वर्गाच्या दारात पाऊल टाकले तर सर म्हणाले, “पालकांनी कृपया बाहेर थांबावे.” पोरे-पोरी हसली, मीही हसले. सरांना मात्र फारच ओशाळल्यासारखे झाले. पुढे त्यांनी मला वेळोवेळी मदत केली, हेही सांगायला हवे. पहिला महिना मी ‘काकू’ होते, दिवाळीपर्यंत ‘ताई’ झाले. तुकड्यांमध्ये चर्चा असली की माझ्या तुकडीत यायला मुली धडपडत. मला फार येते म्हणून नाही, डब्यात थालीपीठ असे म्हणून.

आमचे गाव विद्यापीठापासून अडतीस किलोमीटर. साडेचारला उठायचे, दोन वेळचा स्वयंपाक करून ठेवायचा, पावणेसातची गाडी धरायची. २०२३ च्या मार्चपासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले. ते नसते तर हे शिक्षण मला परवडले नसते. परतीची शेवटची गाडी सहा दहाला, आणि ग्रंथालयात बसायला निवांत जागा मिळायची ती साडेपाचनंतर. कोणत्याही विद्यार्थ्याची ही अडचण असू शकते. पण बाकीचे खोली घेऊन राहतात. मी खोली घेऊन राहते म्हटले असते तर आमच्या गल्लीत काय बोलले गेले असते ते तुम्हां मैत्रिणींना वेगळे सांगायला नको.

पहिल्याच सत्रात ‘लिंगभाव आणि श्रम’ हा भाग होता. मॅडमनी केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे फळ्यावर लिहिले. २०१९ मध्ये घरातले बिनमोल काम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. पुढे २०२४ चेही आकडे आले. बायका २८९, पुरुष ८८. बायकांची दहा मिनिटे कमी झाली, पुरुषांची नऊ. फरक जवळपास तेवढाच राहिला. पुरुषांचा आकडाही फक्त घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा आहे, आणि तसे पुरुष मुळात थोडे. वर्गातली पोरे ते आकडे वहीत उतरवून घेत होती. मी मनातल्या मनात गुणाकार करत होते. २८९ मिनिटे म्हणजे पावणेपाच तासांहून अधिक. वर्षाचे ३६५ दिवस, त्यात सुट्टी नाही. अशी चोवीस वर्षे. बेचाळीस हजार तासांच्या आसपास जाते. ज्या विद्यापीठात हा आकडा परीक्षेला येतो, त्याच विद्यापीठाच्या अर्जात त्या तासांचे नाव ‘खंड’ आहे. पहिल्या मजल्यावर शिकवायचे ते तळमजल्यावरच्या खिडकीला ठाऊक नाही!

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या जानेवारीत अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका खटल्यात गृहिणीच्या कामाचे पैशातले मोल धरले पाहिजे असे म्हटले. त्या खटल्यातली बाई अपघातात गेली होती. मेल्यावर आपले काम मोजायला न्यायालय तयार आहे. जिवंतपणी कॉलेजची खिडकी तयार नाही.

आता कुणी म्हणेल, तुम्ही मोठ्या वयात शिकायला निघालात, व्यवस्था तरुणांसाठी आहे, थोडे जमवून घ्या. मला हे मान्य नाही. महाराष्ट्रातल्या बायकांच्या शिक्षणाचा इतिहास बघा. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई विशी ओलांडलेल्या होत्या. पुढे १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या बाया कर्वे झाल्या. त्यांच्या बहीण पार्वतीबाई आठवले, विधवा आणि एका मुलाच्या आई, मोठेपणीच शिकल्या आणि १९१८ मध्ये इंग्रजी पक्के करायला अमेरिकेपर्यंत गेल्या. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनात तर संसारी बायकाच शिकायला येत. आपल्याकडे शिकायला बाहेर पडलेल्या पहिल्या बायकांमध्ये कितीतरी जणी संसार केलेल्या, संसार मोडलेल्या, मुले असलेल्या अशा होत्या. त्या संस्था त्यांच्याकडे बघून बांधल्या गेल्या. कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले तेव्हा मातृभाषेतून शिकवायचे ठरवले, तेही बायकांची परिस्थिती बघूनच. पुढे विद्यापीठे मोठी झाली आणि विद्यार्थी म्हणजे वीस वर्षांचा, अंगावर घर नसलेला मुलगा, हे त्यांनी न बोलता धरून टाकले. मुलींनी मग त्या मापात स्वतःला बसवले. आम्ही बसत नाही.

दुसरा सल्ला नेहमीचा. “मुक्त विद्यापीठातून का नाही केलेस?” नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे आणि त्याचे उपकार मी कमी लेखत नाही. आमच्या गटातल्या दोघी त्याच वाटेने पदवीधर झाल्या. पण तिथे शिकणारी बाई घरातच असते. पुस्तक उघडले की कुकरची शिट्टी होते. कुणीतरी येते, चहा टाकावा लागतो. त्या २८९ मिनिटांतले एकही मिनिट कुणा दुसऱ्याच्या अंगावर जात नाही. माझ्या घरी मी पावणेसातला बाहेर पडायला लागल्यावरच नवऱ्याला कळले की गॅसची टाकी संपते! मुलगा कपडे वाळत घालायला शिकला. आणि वर्गात भांडता येते, आपले म्हणणे वीस जणांसमोर मांडता येते, एखादी विशीतली पोरगी “ताई, हे तुमचे जुने झाले” असे तोंडावर सांगते. ते पोस्टाने येत नाही.

तिसरी गोष्ट थोडी कडू आहे, पण आपल्या पत्रिकेत नाही बोलायची तर कुठे? आमच्याच गटातल्या एका जुन्या कार्यकर्तीने मला विचारले, “आता शिकून काय करणार? नोकरी थोडीच लागणार आहे? इथे कामाला माणसे कमी आहेत.” मला वाईट वाटले. आपण मुलींची गळती, मुलींचे बालविवाह यावर बोलतो, मोर्चे काढतो. ते केलेच पाहिजे. पण ज्या मुलींची गळती तीस वर्षांपूर्वी झाली त्या कुठे गेल्या? त्या आपल्याच बैठकीत सतरंजीवर बसल्या आहेत. लेकीला शिकव असे आपण तिला सांगतो, तिला स्वतःला शिकायचे आहे का हे विचारत नाही. नोकरीसाठी नसेल तर शिक्षण कशाला, हा प्रश्न आपण साठीतल्या पुरुषाला विचारतो का?

मी शिकू शकते आहे याचे एक कारण दुकान आहे, हेही खरे. गटातल्या एकीला बारावीनंतर पुढे शिकायचे आहे. ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. पंचाहत्तर टक्के हजेरी म्हणजे तिच्या आठवड्यातल्या चार-पाच दिवसांची मजुरी. तिला कोणते विद्यापीठ घेणार?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मधेच शिक्षण सोडून पुन्हा येण्याची सोय आहे असे फार सांगितले जाते. त्यासाठी २०२१ पासून श्रेयांकांची बँकही आहे. सोय चांगली आहे. पण त्या नियमांत साठवलेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे चालतात. मैत्रिणींनो, जरा आपापल्या आयुष्यावर सात वर्षे टाकून बघा. पहिले मूल, दुसरे मूल, धाकटे शाळेत जाईपर्यंत सात वर्षे कधीच उलटून गेलेली असतात. मग सासू-सासऱ्यांचे आजारपण. ज्याने सात हा आकडा काढला त्याच्या घरी कोणती बाई राबत होती हे मला बघायला आवडेल.

आपल्या मागण्या याच जागी हव्यात. श्रेयांकांना सात वर्षांची मुदत नको. बाळंतपणासाठी विद्यार्थिनींना रजा आणि हजेरीत सवलत द्यावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या डिसेंबरमध्ये विद्यापीठांना कळवले होते. तशीच सवलत घरातल्या आजारी माणसाचे करणाऱ्याला मिळावी, बाई असो वा पुरुष. पुरुषाला मिळाली तर तो ते करायला लागेल, हाही हेतू आहेच. सकाळच्या तासांना पर्याय म्हणून दुपारची तुकडी हवी. नाव बदललेल्या बाईला लग्नाचा साधा पुरावा पुरे व्हावा, राजपत्र कशाला? आणि खंडाचे ते प्रतिज्ञापत्र बंद व्हावे. एखाद्याने गुन्हा केला की नाही हे शोधायला पोलीस आहेत.

आम्ही चौघींनी, म्हणजे मी, एक अंगणवाडी सेविका, एक नवऱ्याने टाकलेली आणि एक निवृत्त परिचारिका, हे सगळे लिहून विद्यापीठात दिले. पोच मिळाली. विचारायला गेले की ‘विचाराधीन’ आहे असे कळते.

दुसऱ्या वर्षाच्या अर्जात ‘शिक्षणातील खंड व कारण’ हा रकाना पुन्हा आला. दोन इंचांची जागा. या वेळी मी ‘सोबतचा कागद पाहावा’ असे लिहिले आणि पानभर मजकूर जोडला : किती वर्षे कोणते काम, कुणासाठी, रोजचे किती तास. खिडकीवरच्या बाई त्याच होत्या. त्यांनी कागद उभ्याउभ्या वाचला. मग विचारले, “सासूबाईंचे सहा वर्षे तुम्ही एकटीने केले?” मी हो म्हटले. त्यांच्या सासऱ्यांना तिसरे वर्ष चालू होते. त्यांनी कागदाला टाचणी लावली आणि शिक्का मारून आत ठेवला.

आमच्या बचत गटात चौदा जणी आहेत. गेल्या बैठकीत विचारले तेव्हा सहा जणींनी शिक्षण अर्धवट सुटल्याचे सांगितले. त्यातल्या दोघींच्या गुणपत्रिका अजून माहेरच्या पेटीत आहेत. तुमच्या गटात असा प्रश्न विचारा आणि काय उत्तरे येतात ते पत्रिकेकडे लिहून पाठवा. विद्यापीठात पुढच्या वेळी जायचे ते चौघींनी नको, जास्त जणींनी जायचे आहे. माझी चौथ्या सत्राची परीक्षा तोंडावर आली आहे, तेवढी झाली की मी मोकळीच आहे.