स्वस्त रायफल की सुसज्ज रायफल? हौशी नेमबाजापुढील खरा प्रश्न वेगळाच

जबलपूर - बडा फुहारा हा जबलपूरच्या जुन्या शहरातील अत्यंत गजबजलेला बाजारचौक. येथे खरेदीला येणारे गिऱ्हाईक दोन वस्तू समोर ठेवून, ‘कमी किमतीची घ्यावी की चार पैसे जास्त मोजून टिकाऊ घ्यावी’ याचा हिशेब करूनच पाऊल उचलते. हाच हिशेब जगभरातील हौशी नेमबाज आपल्या रायफलीबाबत करीत असतात. अमेरिकेत तर साधी अर्धस्वयंचलित रायफल घ्यावी की अधिक सुसज्ज, हा नेमबाजांमधील नित्याचा वादविषय आहे. मात्र शस्त्रनिर्मितीचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जबलपुरातील नेमबाजाला हा प्रश्न विचारण्याची मुभाच नाही. भारतीय कायद्याने त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. त्यामुळे येथील नेमबाजापुढे उरणारा प्रश्न निराळा असून, तो अधिक गंभीर आहे.

जास्तीच्या पैशात काय मिळते?

चाप एकदा ओढल्यावर एकच गोळी सुटते, परंतु पुढची गोळी आपोआप नळीत भरली जाते, अशा रायफलीला अर्धस्वयंचलित म्हणतात. चाप दाबून ठेवला असता गोळ्यांची सरबत्ती करणारी ती स्वयंचलित. अमेरिकेत नागरिकांना अर्धस्वयंचलित रायफली बहुतेक राज्यांत खुलेपणाने विकत घेता येतात. १९९४ ते २००४ या काळात तेथे केंद्रीय कायद्याने अशा अनेक रायफलींच्या नव्या विक्रीवर बंदी होती. मुदत संपल्यावर ती पुढे चालू ठेवली गेली नाही.

तेथील बाजारात सुमारे पाचशे डॉलरपासून अशा रायफली मिळतात आणि सुसज्ज रायफलीची किंमत याच्या तिप्पट-चौपट होते. जास्तीच्या पैशात मिळते ते असे: अधिक काटेकोरपणे घडविलेली नळी, हलका व एकसारखा चालणारा चाप, नळीला स्पर्श न करणारी पुढची मूठ, गंजरोधक लेप आणि उत्तम दुर्बीण बसविण्याची सोय. नळी तापल्यानंतरही गोळ्या एकाच ठिकाणी लागाव्यात, हा या सगळ्याचा उद्देश.

तरीही नवशिक्याने साधी रायफल घ्यावी आणि उरलेले पैसे काडतुसे व प्रशिक्षण यांवर खर्च करावेत, असा सल्ला अनुभवी नेमबाज देतात. सुरुवातीच्या काळात रायफलीची अचूकता नेमबाजाच्या अचूकतेपेक्षा कितीतरी अधिक असते. महाग नळीतून मिळणारा लाभ पदरात पडण्यासाठी आधी हात आणि श्वास स्थिर व्हावा लागतो. हे तत्त्व भारतातही तितकेच लागू पडते.

कायद्याची रेषा

भारतात १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांनुसार अर्धस्वयंचलित रायफल निषिद्ध शस्त्रांच्या वर्गात मोडते. जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या साध्या परवान्यावर ती बाळगता येत नाही. त्यासाठी केंद्र सरकारची खास अनुमती लागते. लष्करी काडतूस झाडू शकणारी .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरची रायफल, मग ती हाताने बोल्ट ओढून चालणारी का असेना, सामान्य नागरिकाला वर्ज्य आहे.

ही रेषा केवळ यंत्रणेवरून ओढलेली नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. निषिद्ध बोअरची नसलेली पिस्तुले अर्धस्वयंचलित असूनही परवान्यावर मिळू शकतात. लांब पल्ला, मोठे मॅगझिन आणि भराभर गोळ्या झाडण्याची क्षमता या तिन्ही गोष्टी रायफलीत एकत्र येतात. त्यामुळेच रायफलीबाबतचा नियम अधिक कडक आहे.

या धोरणाची मुळे ब्रिटिश राजवटीत आहेत. लष्करी बोअरच्या रायफली प्रजेच्या हाती जाऊ नयेत, अशी सत्ताधाऱ्यांची दक्षता होती. लष्करात .३०३ प्रचलित असल्याने नागरिकांसाठी .३१५ बोअर रूढ झाला. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या रायफल कारखान्यात तयार होणारी .३१५ ची बोल्ट रायफल देशभरातील परवानाधारकांच्या घरी पोहोचली. शिकार आणि पीकसंरक्षण हा तिचा हेतू होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा छंद कायद्याने संपला आणि मनोरंजनासाठी नेमबाजी म्हणजे लक्ष्यावरील नेमबाजी, एवढाच अर्थ उरला. लक्ष्यभेदाच्या स्पर्धेला .३१५ ची रायफल फारशी उपयोगी नाही.

जबलपूरचे दोन चेहरे

जबलपूरची तोफगाडी निर्माणी १९०४ ची. १५५ मिलिमीटरची ‘धनुष’ तोफ येथेच तयार होते. खमरियाच्या आयुध निर्माणीत दारूगोळा बनतो. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या, तेव्हा शहरातील कारखाने त्यांच्यात वाटले गेले. खमरिया ज्या म्युनिशन्स इंडिया कंपनीकडे गेले, तिचे मुख्यालय पुण्यात आहे. नागपूर आणि जबलपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते. शस्त्रनिर्मितीच्या निमित्ताने महाराष्ट्राशी असलेला हा धागा आजही कायम आहे.

दुसरा चेहरा चिंता वाटावी असा. २०१८ मध्ये बिहारमधील मुंगेर येथे एके-४७ रायफली सापडू लागल्या आणि तपासाचा माग जबलपूरच्या मध्यवर्ती आयुध भांडारापर्यंत पोहोचला. वापरातून बाद केलेल्या रायफली व त्यांचे सुटे भाग भांडारातून बाहेर काढून, जुळवून विकल्याचा आरोप ठेवण्यात आला. पुढे हा तपास राष्ट्रीय तपास संस्थेकडे सोपविण्यात आला. सरकारी पहाऱ्यातील शस्त्रांना पाय फुटू शकतात, तर घराघरांतील शस्त्रांचे काय, असा प्रश्न अशा प्रकरणानंतर शासनाने विचारणे स्वाभाविक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली गेली आणि निषिद्ध शस्त्रांसंबंधीच्या गुन्ह्यांची शिक्षा वाढविण्यात आली.

इतर देशांचा अनुभव

भारताची ही भूमिका जगावेगळी नाही. ब्रिटनमध्ये १९८७ च्या हंगरफर्ड हत्याकांडानंतर, १९८८ मध्ये मोठ्या काडतुसांच्या अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आली; .२२ च्या कमी शक्तीच्या रायफलींना मात्र परवान्यावर मुभा राहिली. ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे ३५ जण मारले गेले. त्यानंतर तेथील सरकारने सहा लाखांहून अधिक शस्त्रे मोबदला देऊन परत घेतली. न्यूझीलंडमध्ये मार्च २०१९ मध्ये क्राइस्टचर्च येथील मशिदींवर झालेल्या हल्ल्यात ५१ जणांचा बळी गेला आणि महिन्याभरातच बहुतेक अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी घालणारा कायदा झाला. कॅनडाने २०२० मध्ये सुमारे दीड हजार प्रकारच्या शस्त्रांवर बंदी जाहीर केली.

ब्रिटनप्रमाणे भारतातही किमान .२२ ची अर्धस्वयंचलित रायफल हौशी नेमबाजांना मिळावी, असा युक्तिवाद करता येईल. या रायफलीची शक्ती मर्यादित असते, काडतूस तुलनेने स्वस्त पडते आणि जलद नेमबाजीच्या काही प्रकारांत तिचा उपयोग होतो. परंतु परवान्यांची छाननी, शस्त्रांची नियमित तपासणी आणि नोंदींची अचूकता या बाबतींत आपली यंत्रणा ब्रिटनच्या तोडीची झाल्याखेरीज अशी सवलत देणे धाडसाचे ठरेल. शिवाय ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांना तिची गरजही नाही.

पदके एकेरी गोळीनेच

ऑलिम्पिकमधील १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर थ्री पोझिशन या दोन्ही प्रकारांत प्रत्येक गोळी वा छर्रा हाताने भरावा लागतो. रायफल प्रकारात भारताने मिळविलेली तिन्ही ऑलिम्पिक पदके अशाच रायफलींची आहेत: २००८ मध्ये अभिनव बिंद्राचे सुवर्ण, २०१२ मध्ये गगन नारंगचे कांस्य आणि २०२४ मध्ये पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचे कांस्य. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर थ्री पोझिशनचे सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या संघात स्वप्नीलसोबत मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्याचा ऐश्वर्यप्रतापसिंह तोमरही होता. दोघेही महानगरांतून आलेले नाहीत. स्वप्नील नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, तर ऐश्वर्यप्रताप भोपाळच्या राज्य नेमबाजी अकादमीत. दोघांनाही सर्वप्रथम लाभली ती सार्वजनिक संस्था, तेथील प्रशिक्षक आणि रेंज.

खरा हिशेब

आता बडा फुहाऱ्यावरील त्या गिऱ्हाइकाकडे वळू. मुलाला किंवा मुलीला नेमबाजी शिकवू पाहणाऱ्या मध्यमवर्गीय पालकापुढे कायद्याच्या चौकटीत तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी स्प्रिंगवर चालणाऱ्या देशी एअर रायफलीची. ४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० जूलपेक्षा अधिक शक्ती नसलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही आणि ती काही हजार रुपयांत मिळते. तिचा दोष असा की, छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वीच स्प्रिंगच्या धक्क्याने संपूर्ण रायफल हलते. १० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तेथे हा धक्का निर्णायक ठरतो. दुसरी पायरी आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या देशी रायफलीची. महाराष्ट्रातील प्रेसिहोलसारख्या कंपन्यांनी या क्षेत्रात पाऊल टाकल्याने निवड करण्यास वाव निर्माण झाला आहे. तिसरी पायरी वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, अन्शुट्झ अशा जर्मन कंपन्यांच्या स्पर्धात्मक रायफलींची. त्यांची किंमत लाखांच्या घरात जाते.

येथेही ‘आधी साधी, मग सुसज्ज’ हेच धोरण शहाणपणाचे आहे. पहिली काही वर्षे क्लबच्या रायफलीवर सराव, त्यानंतर मधली पायरी, आणि गुण स्थिरावल्यावरच आयात रायफल. कारण रायफलीची किंमत एकदाच मोजावी लागते, छर्‍यांची मात्र रोज. पात्रता फेरीत ६० फैरी असतात. आठवड्यातून पाच दिवस तेवढाच सराव केला तरी वर्षाला साडेपंधरा हजारांहून अधिक छर्रे लागतात. यात रेंजचे शुल्क, विशेष जाकीट, प्रशिक्षक आणि स्पर्धांचा प्रवास मिळविला की, रायफल हा खर्चाचा केवळ एक भाग असल्याचे स्पष्ट होते.

.२२ च्या रायफलीकडे वळताच पुन्हा कायदा आडवा येतो. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांना बंदुका आयात करता येत नाहीत. ही मुभा प्रामुख्याने गुणवत्ता सिद्ध केलेल्या नेमबाजांपुरती आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये गृह मंत्रालयाने नेमबाजांना बाळगता येणारी शस्त्रे व काडतुसे यांच्या मर्यादा वाढविल्या; नामांकित खेळाडूंना कमाल १२ शस्त्रांपर्यंत सूट मिळाली. हा निर्णय स्वागतार्ह होता, परंतु त्याचा मुख्य लाभ शिखरावर पोहोचलेल्यांना झाला. पायथ्याशी असलेल्या मुलाला सूट मिळण्यासाठी आधी गुण हवेत आणि गुण मिळण्यासाठी आधी चांगली रायफल हवी, असे हे चक्र आहे. ज्याच्या घरी पैसा आहे तोच ते भेदू शकतो.

निष्कर्ष

अर्धस्वयंचलित रायफलींवरील निर्बंध सैल करावेत, असे म्हणण्यास क्रीडाहिताचा सबळ आधार नाही आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते हितावहही नाही. याबाबत सरकारची भूमिका योग्य आहे. मात्र निर्बंध घालून शासनाची जबाबदारी संपत नाही. जो देश तोफा घडवतो, त्याला स्पर्धेच्या दर्जाची एकेरी रायफल आणि चांगला छर्रा माफक दरात तयार करणे अशक्य नसावे. जिल्हा पातळीवर सार्वजनिक रेंज आणि तेथे भाड्याने वापरता येतील अशा रायफली असतील, तर जबलपूरच्या मुलाला सुमारे तीनशे किलोमीटरवरील भोपाळ गाठल्याखेरीज सुरुवातही करता येणार नाही, अशी वेळ येणार नाही. शस्त्र क्लबच्या कुलपात राहील आणि कौशल्य मुलाच्या हातात येईल. सुरक्षा व क्रीडा या दोन्ही बाजूंना मान्य होईल असा हा मार्ग आहे.

स्वस्त घ्यावी की सुसज्ज, या प्रश्नाचे उत्तर पालक आपल्या ऐपतीप्रमाणे शोधतील. पण पहिली रायफल मुलाच्या हाती विकत न घेता कशी द्यायची, याचे उत्तर मात्र शासनाने आणि क्रीडा संघटनांनी द्यावयाचे आहे.