विश्लेषण : निनावी नोंदींमुळे विषबाधेचे बळी कसे रोखता येतील?

2017च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. किमान 20 जण दगावले. रुग्ण आधीपासून दाखल होत होते, पण यंत्रणा खडबडून जागी झाली ती मृत्यूंचा आकडा वाढल्यावर. रुग्णालयांतील नोंदी वेळीच एकत्र आल्या असत्या तर?

माहिती कोणती हवी?

रुग्णाचे नाव किंवा आधार क्रमांक लागत नाही. वयोगट, तालुका, तारीख, रसायन, ते श्वासातून, त्वचेतून की पोटातून गेले आणि उपचारांचा परिणाम, एवढे पुरते. एक रुग्ण ही घटना असते. एकाच तालुक्यात, एकाच आठवड्यात, एकाच कीटकनाशकाचे दहा रुग्ण हा इशारा असतो.

इतर देशांचा अनुभव काय?

अमेरिकेत 50हून अधिक विषबाधा केंद्रांकडे आलेल्या दूरध्वनींच्या नोंदी काही मिनिटांत राष्ट्रीय संचात जमा होतात. कपडे धुण्याच्या द्रवाच्या रंगीत पुड्या लहान मुले तोंडात घालत असल्याचे 2012 मध्ये याच नोंदींतून लवकर लक्षात आले. पुढे त्यांचे डबे अपारदर्शक आणि उघडायला अवघड करण्यात आले.

श्रीलंकेत दोन रुग्णालयांतील 9,302 रुग्णांच्या 2002 ते 2008 या काळातील अभ्यासातून दिसले, की वापरात असलेल्या कीटकनाशकांच्या घातकतेत प्रचंड तफावत आहे. तेथे पॅराक्वाट, डायमेथोएट व फेन्थिऑन यांच्यावर 2008 ते 2011 दरम्यान टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि कीटकनाशकांमुळे होणारे मृत्यू घटले.

भारतात अडते कुठे?

दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये 1995 पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. ते डॉक्टरांना व नागरिकांना चोवीस तास सल्ला देते. कीटकनाशके अधिनियम, 1968 च्या कलम 26 नुसार, विषबाधेची प्रत्येक घटना कळवणे राज्य सरकार अधिसूचनेद्वारे बंधनकारक करू शकते. म्हणजे कायद्यात वाट आहे. मात्र विषबाधा हे पोलीस प्रकरण ठरत असल्याने तपशील केस पेपर व पंचनाम्यांत विखुरतो. चौकशीच्या धास्तीने अनेक जण खरे कारण सांगत नाहीत. शिवाय मजुराला अनेकदा फवारलेल्या मिश्रणात काय होते हेच ठाऊक नसते.

निनावी नोंद खरोखर निनावी राहते का?

नाव खोडले म्हणजे ओळख पुसली, असे नाही. छोट्या गावात वय, तारीख आणि रसायन एवढ्यावरून कोण ते सहज कळते. म्हणून गावाऐवजी तालुका, नेमक्या वयाऐवजी वयोगट नोंदवणे आणि अगदी लहान आकडे जाहीर न करणे हे उपाय वापरले जातात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, 2023 संशोधन व सांख्यिकीसाठी अटींसह सवलत देतो. ही माहिती पोलीस, विमा कंपनी किंवा मालकाच्या हाती जाणार नाही, याची हमी मिळाली तरच रुग्ण खरे बोलेल.

मग पुरेसे काय?

केवळ नोंदी साठवून जीव वाचत नाहीत. इशारा त्याच आठवड्यात कृषी सहायक, कृषी सेवा केंद्र आणि ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोहोचला, तरच विक्री थांबवणे, संरक्षक साधने देणे आणि उताऱ्याची औषधे तयार ठेवणे शक्य होते. हंगाम संपल्यावर येणारा अहवाल पुढच्या वर्षी उपयोगी पडेल. यंदा पंप पाठीवर घेतलेल्या मजुराला नाही.