७५ केबीचा उंबरठा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या सेवा केंद्रांवर रांगा लागतात आणि आमच्या टेबलावर पत्रांची थप्पी. यंदा सर्व्हर, ओटीपी आणि विजेची नेहमीची रडगाणी कमी आहेत. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: जातीच्या दाखल्याचा अर्ज 'दस्तऐवज अस्पष्ट' असा शेरा घेऊन परत येतो, आणि दस्तऐवज स्पष्ट करून जोडायला जावे तर पोर्टल 'फाइल मोठी आहे' म्हणून तो घेत नाही. जिवतीचा केंद्रचालक हेच लिहितो, सिरोंच्याचाही हेच लिहितो.

आपले सरकार पोर्टलवर दस्तऐवजाची फाइल ७५ ते ५०० केबीच्या दरम्यान असावी लागते. अर्जदाराचा फोटो १६० पिक्सेल रुंद, २०० ते २१२ पिक्सेल उंच आणि ५ ते २० केबीचा. फोटोबद्दल आमचे काही म्हणणे नाही. १६० बाय २०० म्हणजे ३२,००० पिक्सेल. तेवढ्यात चेहरा ओळखू येतो. बँक भरतीवाले २०० बाय २३० पिक्सेलचा फोटो आणि १४० बाय ६० ची सही मागतात, तेही रोजचेच झाले आहे. घोळ होतो तो जुन्या कागदाला ठरीव केबीत कोंबताना.

आधार कार्ड ५०० केबीत आरामात बसते. पण जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आपल्याकडे हा पुरावा म्हणजे कोतवाल बुकातली नोंद, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचे पान, जुना अधिकार अभिलेख. कागद पिवळा, शाई विटलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या, माथ्यावर 'जिल्हा चांदा'. अशी पणजोबांपासूनची सहा पाने एका पीडीएफमध्ये जोडायची झाली तर एका पानाच्या वाट्याला येतात ८३ केबी. त्यातही जेपीईजीची गोम अशी की तिला डाग आणि अक्षर यांतला फरक कळत नाही. पिवळ्या कागदाचा खरबरीतपणा, घडीच्या रेषा, बुरशीचे ठिपके जपण्यातच बरेचसे केबी खर्ची पडतात आणि शाईच्या बारीक रेघेला उरलेसुरले मिळतात. मग 'गोंड'वरचा अनुस्वार पुसट होतो, 'माना'चा शेवटचा काना शेजारच्या डागात मिसळतो, आणि टेबलापलीकडचा कारकून शेरा मारून मोकळा होतो. ज्या कुटुंबाचे सगळे प्रकरण त्या एका ठिपक्यावर उभे आहे, ते पुन्हा एसटीत बसते. सिरोंचा ते गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर आहे. भामरागडचा माणूस तर पर्लकोटाच्या पुलावरून पाणी गेले की निघूच शकत नाही.

कमाल मर्यादा एक वेळ समजू शकतो. आपल्याकडच्या नेटवर्कवर पाच एमबीची फाइल चढवायला घाम फुटतो. २५६ केबीपीएसने अडीच मिनिटे, तीही मध्येच लाइन तुटली नाही तर. पण किमान ७५ केबी कशासाठी? फाइल लहान म्हणजे ती अस्पष्टच असणार, असे कोणी तरी गृहीत धरले असावे. छापील कागद २०० डीपीआयला निव्वळ काळा-पांढरा स्कॅन करा, पान ५० केबीच्या आसपास येते आणि अक्षर न् अक्षर लख्ख दिसते. तोच कागद रात्री ट्यूबलाइटखाली हलत्या हाताने मोबाइलवर टिपा, ४०० केबी होतील आणि एक ओळ वाचता येणार नाही. पोर्टल दुसरा घेते, पहिला नाकारते. कागद काट्यावर तोलून तो वाचता येतो की नाही हे ठरवण्याचा हा प्रकार आहे. मग आपली मंडळी चांगल्या ५० केबीच्या फाइलला रंग चढवतात, ती फुगवून ८० ची करतात, आणि सरकार समाधान पावते.

एका कार्यालयाने तर दारावर 'सर्व फोटो ३०० डीपीआयचेच आणावेत' अशी सूचना लावली होती. डीपीआय हा छपाईचा आकडा. फाइलमधला ७२ चा आकडा बदलून ३०० केला तरी पिक्सेल तेवढेच राहतात आणि पडद्यावर काडीचा फरक पडत नाही. सूचना लावणाऱ्याला हे ठाऊक नव्हते, हे उघड आहे.

आता थोडे आपल्या माणसांविषयी. गावातून व्हॉट्सॲपवर आलेला रजिस्टरचा फोटो तसाच अर्जाला जोडणारे केंद्रचालक अजून आहेत. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप लांबीला साधारण १६०० पिक्सेलवर आणून ठेवते. रजिस्टरची उघडी जोडपाने एकाच फोटोत घेतली असतील तर एका पानाला त्यातले निम्मेच मिळतात, त्यावर तुम्ही पुन्हा कॉम्प्रेस करता. पाठवणाऱ्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगायला किती वेळ लागतो? आणि दुसरे, याहून गंभीर: '२० केबीत फोटो' म्हणणाऱ्या कुठल्याही फुकट संकेतस्थळावर लोकांचे आधार, सह्या, बँक पासबुके चढवणे बंद करा. तो सर्व्हर कोणाचा, फाइल तिथे किती दिवस पडून राहते, याची चौकशी आपल्यापैकी किती जणांनी केली आहे? केंद्रातल्या संगणकावरचा साधा प्रोग्रॅम तेच काम करतो.

काम करण्याची रीत फार अवघड नाही. आधी क्रॉप करा. टेबल, बोटे, सतरंजी यांना केबी देऊ नका. नंतर पिक्सेल ठरवा. ए-फोर पान १५० डीपीआयला १२४० बाय १७५४ होते, छापील मजकुराला ते पुरते. हस्तलिखिताला २०० च्या, म्हणजे १६५४ बाय २३३९ च्या, खाली आम्ही जात नाही. जेपीईजीची क्वालिटी सगळ्यात शेवटी उतरवा, आणि दर वेळी मूळ फाइलवरून, आधी लहान केलेल्या प्रतीवरून नव्हे. विटलेल्या शाईचा कागद निव्वळ काळा-पांढरा करू नका, फिकट अक्षरे उडून जातात, करडा ठेवा. पोर्टल स्वतंत्र फाइल जोडू देत असेल तिथे पूर्ण पान एक आणि नोंदीच्या ओळीची मोठी पट्टी दुसरी, असे द्या. अपलोडचे बटण दाबण्यापूर्वी फाइल पडद्यावर उघडून नोंद स्वतः वाचा. तुम्हाला वाचता आली नाही तर साहेबाला येणार नाही.

मागणी आमची दोनच गोष्टींची आहे. किमान ७५ केबीची अट काढा, आणि १९६७ पूर्वीच्या महसुली व शालेय पुराव्याला दर पानामागे मर्यादा द्या, दर फाइलमागे नको. तोवर एक हत्यार हातात आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमानुसार अर्ज फेटाळताना कारण लेखी द्यावे लागते, त्यावर अपीलही करता येते. नुसते 'अस्पष्ट' हे कारण नव्हे. कोणते पान, कोणती ओळ, हे लिहून मागा. अर्जदाराला भीड वाटत असेल तर त्याच्या वतीने अर्जाचा मसुदा तुम्ही करून द्या.

आणि परत आलेल्या प्रकरणांची नोंद आम्हाला हवी आहे. मूळ स्कॅन, पोर्टलने घेतलेली फाइल, दोन्हींचे पिक्सेल व केबी, आणि मिळालेला शेरा, नाव व क्रमांक काळे करून, या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत पाठवा. जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन नेताना सोबत हे नमुने जोडायचे आहेत. फाइली ई-मेलने पाठवा, व्हॉट्सॲपवर नकोत.