गोळी घेतली, तरी जळजळ थांबेना!

मागच्या महिन्यात एका रात्री सासूबाईंनी थेट औषधाच्या दुकानदारावरच ठपका ठेवला. "या वेळची गोळी बनावट दिसते गं! घेऊन तास झाला, छातीतली आग तशीच." रात्रीचे साडेदहा वाजले होते. जेवणात भरीत, मिरचीचा ठेचा आणि नको नको म्हणत घेतलेली चार भजी. मी गोळ्यांचे पाकीट पाहिले. गोळी पॅन्टोप्राझोलची होती, मुदतही संपली नव्हती. मग डॉक्टरांची चिठ्ठी शोधली. तिच्यावर स्पष्ट लिहिले होते, 'रोज सकाळी, नाश्त्यापूर्वी अर्धा तास.' सासूबाई मात्र ती जळजळ सुरू झाली की घेत होत्या.

"अगं, दुखायला लागल्यावर औषध घ्यायचं की आधीच?" त्यांचा प्रश्न बिनतोड होता. आपल्यापैकी बहुतेकांना तो पडतो. याचे कारण असे, की 'पित्ताची गोळी' किंवा 'गॅसची गोळी' या एकाच नावाखाली आपण तीन निरनिराळ्या प्रकारची औषधे घेतो आणि त्या तिघांची घड्याळे वेगवेगळी असतात.

पहिला प्रकार सर्वांच्या ओळखीचा. गुलाबी किंवा पांढरे पातळ औषध, चघळायच्या गोळ्या, पाण्यात फसफसणारी पूड. ही औषधे जठरात आधीच साठलेल्या आम्लाला भिडतात आणि त्याची धार मारतात. त्यांना रक्तात शिरावे लागत नाही, म्हणून काही मिनिटांतच बरे वाटते. पण रिकाम्या पोटी घेतली तर ती अर्ध्या-पाऊण तासात जठरातून पुढे सरकतात आणि जळजळ परत हजर! जेवणानंतर घेतली तर अन्नाबरोबर रेंगाळतात आणि दोन-तीन तास साथ देतात. गोळी असेल तर ती नीट चावून खावी, अख्खी गिळू नये. फसफसणाऱ्या पुडीत खाण्याचा सोडा असतो, म्हणजेच सोडियम. रक्तदाबासाठी ज्यांचे मीठ कमी केले आहे, त्यांनी ती ऊठसूट घेऊ नये. आणखी एक गोष्ट गृहिणींसाठी. लोहाची गोळी, थायरॉइडची गोळी आणि काही प्रतिजैविके या औषधांबरोबर घेतली तर अंगी लागत नाहीत. लोहाच्या गोळीत आणि यांच्यात दोन तासांचे, थायरॉइडच्या गोळीत चार तासांचे अंतर ठेवावे.

दुसरा प्रकार रॅनिटिडीन, फॅमोटिडीन यांचा. हिस्टामीन नावाचे द्रव्य जठरातल्या पेशींना आम्ल बनवण्याचा निरोप देते, तो निरोपच ही औषधे अडवतात. सर जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून यातले सिमेटिडीन १९७६ साली ब्रिटनमध्ये बाजारात आले आणि १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. या गोळीला अर्धा ते एक तास लागतो, पण मग दहा-बारा तास तिचा अंमल राहतो. लग्नाच्या पंगतीला जायचे आहे आणि काय होणार हे ठाऊक आहे, अशा वेळी तासभर आधी घ्यायला ही सोयीची. मात्र रोज घेतली तर आठ-पंधरा दिवसांत शरीर तिला सरावते आणि तोच गुण येईनासा होतो. रॅनिटिडीन तर आपल्याकडे घराघरात पोचलेले नाव, पण २०२२ साली भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते वगळण्यात आले. काही गोळ्यांत कर्करोगाला कारण ठरू शकेल असा घटक सापडल्याने २०२० साली अमेरिकेने त्याची विक्री थांबवायला सांगितले होते. जुनी चिठ्ठी घेऊन तीच गोळी वर्षानुवर्षे आणणाऱ्यांनी एकदा डॉक्टरांना विचारून घ्यावे.

आता सासूबाईंची गोळी. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल ही सगळी भावंडे. यातले ओमेप्राझोल १९८८ साली प्रथम विक्रीस आले. जठराच्या पेशींत आम्ल बाहेर टाकणारे अतिसूक्ष्म पंप असतात. आपल्या इमारतीत पाण्याचे पंप असतात ना, तसेच समजा. ही गोळी त्या पंपांना कुलूप लावते. पण गंमत अशी, की कुलूप फक्त चालू पंपालाच लागते, बंद असलेल्याला नाही. आणि पंप चालू कधी होतात? आपण खायला बसतो तेव्हा. रात्रभराच्या उपासानंतर सकाळच्या पहिल्या खाण्याला सर्वांत जास्त पंप सुरू होतात. गोळी मात्र थेट जठरात काम करत नाही. तिच्यावरचे आवरण आतड्यात विरघळते, औषध रक्तात जाते आणि रक्तातून जठराच्या पेशींपर्यंत पोचते. एवढ्या प्रवासाला अर्धा ते एक तास हवा. म्हणून ती खाण्याच्या आधी घ्यायची. म्हणूनच ती चावायची किंवा कुटायची नाही.

शिवाय पहिल्याच दिवशी सगळ्या पंपांना कुलूप लागत नाही. औषध रक्तात एक-दोन तासच टिकते, तेवढ्यात जे पंप चालू सापडतील तेवढे बंद होतात. उद्या आणखी काही. दरम्यान शरीर नवे पंपही बनवतच असते. असे करत पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणून गोळी बदलणारे किंवा एकाऐवजी दोन घेणारे औषधाला धड संधीच देत नाहीत. मधल्या दिवसांत जळजळ असह्य झाली तर चमचा-दोन चमचे पातळ औषध घ्यायला बहुतेक डॉक्टरांची हरकत नसते, पण विचारून घ्यावे.

ही गोळी उत्तम आहे म्हणूनच तिचा अतिरेक होतो. कित्येक घरांत ती चहासारखी रोजची झाली आहे. वर्षानुवर्षे घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी पडू शकते, आणि शाकाहारी घरांत ब-१२ची आधीच वानवा! बरेच महिने घेऊन एकदम सोडली तर काही दिवस आम्ल पूर्वीपेक्षाही उसळते, मग माणूस घाबरून पुन्हा सुरू करतो. ती टप्प्याटप्प्याने सोडायची असते. उलट, वेदनाशामक किंवा ॲस्पिरिन कायम घेणाऱ्या वयस्करांना जठर सांभाळण्यासाठी ती मुद्दाम दिलेली असते. त्यांनी हा लेख वाचून ती परस्पर बंद करू नये.

कोणती गोळी किती वेळात लागू पडते हे कळले, तरी घड्याळ लावून बसायचे नाही अशी एक वेळ असते. छातीवर दडपण, वेदना डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम, धाप, ही लक्षणे हृदयविकाराची असू शकतात. मधुमेही माणसांत आणि स्त्रियांत तर तो नुसत्या अपचनासारखाही येतो. 'ढेकर आली, बरे वाटले, म्हणजे गॅसच होता' हा समज किती घरांना महागात पडला असेल! पातळ औषधाने आराम पडला म्हणजे हृदय ठीक आहे असे सिद्ध होत नाही. अशा वेळी गोळीची वाट न पाहता १०८ ला फोन करावा किंवा जवळचे रुग्णालय गाठून ईसीजी काढावा. गिळताना अडकणे, विनाकारण वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास होणे, यांतले काहीही असेल तर घरगुती उपाय पुरेत. (लोहाच्या गोळीनेही शौचास काळी होते, पण तो निर्णय आपण करायचा नाही.)

सासूबाईंच्या गोळीची वेळ आता बदलली आहे. सकाळी उठल्यावर तोंड धुऊन त्या ती पाण्याबरोबर घेतात, मग आंघोळ आणि देवपूजा. पूजेला त्यांना बरोबर पस्तीस मिनिटे लागतात, त्यानंतर चहा-पोहे. चौथ्या दिवशी मी विचारले, "आई, कसं आहे?" म्हणाल्या, "बरं आहे. दुकानदारानं या वेळी गोळ्या चांगल्या दिलेल्या दिसतात." पाकीट तेच होते.